गाणं फुकट आहे, सापडतंय कुठे?

एखादं जुनं गाणं फुकट उतरवून घ्यायचं म्हणून शोधायला बसलं की आधी कुठल्या वेबसाइटी समोर येतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पानभर ‘डाउनलोड’ लिहिलेली हिरवी बटणं, त्यांतली एखादी सोडली तर सगळी खोटी. एक दाबलं की रमीची जाहिरात, दुसरं दाबलं की फोनला व्हायरस लागल्याची धमकी, तिसरं दाबलं की ‘आधी हे अ‍ॅप घ्या’. एवढं करून जी फाइल पदरात पडते तिच्या नावात गाण्यापेक्षा वेबसाइटचाच पत्ता लांब. गायकाच्या रकान्यातही तोच पत्ता, आणि चित्राच्या जागी भलत्याच सिनेमाचं पोस्टर.

याला गलथानपणा म्हणता येणार नाही, कारण तो धंदा आहे. गाणं मुळात चोरीचं. चालवणाऱ्याला पैसे मिळतात ते तुमच्या प्रत्येक चुकलेल्या क्लिकमागे. ऐकणाऱ्याची वाट जितकी वाकडी तितकी कमाई जास्त. तिथे कधीतरी सोय होईल ही आशाच व्यर्थ.

पण राजीखुशीने आणि कायद्याने फुकट असलेलं संगीतही जगात अफाट आहे. हक्क संपलेल्या तबकड्या आहेत, कलावंतांनी स्वतःहून वाटलेले अल्बम आहेत, बँडच्या परवानगीने टिपलेल्या मैफली आहेत. ते हाती लागणं काही ठिकाणी अगदी सोपं असतं, तर काही ठिकाणी चोरीच्या मालापेक्षाही अवघड. हा फरक बटणाच्या रंगाने किंवा इंटरनेटच्या वेगाने पडत नाही. परवानगी उघड असेल तर माणसं नोंदी नीट करतात, आणि नोंदी नीट असतील तरच गाणं सापडतं, असं माझं निरीक्षण आहे. त्याचा सगळ्यात भरभक्कम पुरावा अमेरिकेत आहे.

‘ग्रेटफुल डेड’ हा सॅन फ्रान्सिस्को भागातला बँड. १९६५ पासून १९९५ पर्यंत तीस वर्षं ही मंडळी गावोगाव वाजवत फिरली. एकच गाणं आज सात मिनिटं चालायचं तर उद्या पंचवीस. त्यामुळे कालची मैफल ऐकली म्हणून आजची सुटली तरी चालेल, असं श्रोत्यांना कधी वाटलंच नाही. लोक मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागले. बँडने त्यांना हाकललं नाही. उलट ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी अधिकृत वेगळी जागा आखून दिली आणि पुढे तो पायंडाच पडला. अट एकच: टेप विकायची नाही. हवी तितकी वाटा, पैसे घेऊ नका.

मग वाटपाची एक पद्धत बसली. ज्याला मैफल हवी त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा, ज्याच्याकडे मैफल आहे त्याने भरून पाठवायची. मागणी वाढली तसं एकाने दहा जणांना द्यायची, त्या दहांनी पुढच्या दहा-दहांना, अशी उतरंड झाली. तिला ते झाड म्हणत. अडचण एकच, पण मोठी होती. कॅसेटची नक्कल केली की थोडी खरखर वाढते, नकलेच्या नकलेत आणखी. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्याला गिटारपेक्षा फसफसच जास्त ऐकू यायची.

१९९८ मध्ये अशाच टेप वाटणाऱ्या मंडळींनी इंटरनेटवर ‘ईट्री’ नावाने हेच झाड लावलं. त्यांनी पहिला नियम केला तो आज विचित्र वाटेल असा: एमपी-थ्री चालणार नाही. याचं कारण समजायला थोडं गणित करावं लागेल. सीडीवरचा आवाज म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूची सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मोजमापं, प्रत्येक १६ बिटांचं. मिनिटाला साधारण १० एमबी होतात. एमपी-थ्री हे मिनिटाला १ एमबीपर्यंत आणतं. कानाला जे फारसं कळत नाही, म्हणजे मोठ्या आवाजाआड दबलेले बारीक आवाज वगैरे, ते ते टाकून देतं. १४ जुलै १९९५ ला जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ‘डॉट एमपी-थ्री’ हे शेपूट ठरलं आणि महिनाभराने, १५ ऑगस्टला, भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं. ईट्रीच्या काळातल्या टेलिफोनच्या तारेवर, ५६ किलोबिटांचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी, सीडीच्या दर्जाचं तीन मिनिटांचं गाणं उतरायला सव्वा तास लागला असता. एमपी-थ्रीने ते सात मिनिटांवर आणलं. एवढा मोठा दिलासा नाकारायला फार जिद्द लागते.

पण टाकलेलं परत येत नाही. एमपी-थ्रीवरून कोणी सीडी केली, त्या सीडीवरून दुसऱ्याने पुन्हा एमपी-थ्री केलं, की पुन्हा काहीतरी गळतं. कॅसेटचाच रोग नव्या अंगात. म्हणून ईट्रीवाल्यांनी आधी ‘शॉर्टन’ आणि २००१ नंतर हळूहळू ‘फ्लॅक’ हे प्रकार धरले. यांत फाइल साधारण निम्मी होते आणि उलगडली की मूळ बिट जसेच्या तसे मिळतात. अडीच तासांची मैफल तरीही ८०० एमबीच्या आसपास जायची. एवढं जड ओझं एका सर्व्हरवरून हजारोंना द्यायचं कसं? २००१ च्या जुलैमध्ये ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने बिटटोरंट काढलं. त्यात फाइलचे तुकडे होतात आणि ज्याला तुकडा मिळाला तोच तो पुढे देऊ लागतो; घेणारे वाढले की देणारेही वाढतात. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्यांत हे टेपवाले होते. पुढे टोरंट म्हणजे चोरीच, असा समज झाला खरा, पण या तंत्राच्या पहिल्या लाभार्थ्यांत परवानगी घेऊन गाणी वाटणारी माणसं होती, हे विसरलं गेलं.

या सगळ्यापेक्षा मला त्यांची एक साधी सवय थोर वाटते. प्रत्येक मैफलीच्या फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल असायची. बँड, तारीख, सभागृह, गाव, गाण्यांचा क्रम. मायक्रोफोन कुठला, सभागृहात कुठे उभा केला होता, कुठल्या रेकॉर्डरवर टिपलं, त्यावरून संगणकावर कसं आणलं, कोणी आणलं. एखादं गाणं सुरुवातीला कापलं गेलं असेल तर तेही. सोबत प्रत्येक फाइलची आकडेमोड करून काढलेली खूणगाठ, म्हणजे उतरवून घेतल्यावर एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी कळावं. २००२ मध्ये ईट्रीने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’शी हातमिळवणी करून ‘लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह’ सुरू केलं. आज तिथे दोन लाखांहून जास्त मैफली आहेत. ज्या बँडने स्पष्ट परवानगी दिली त्याच्याच. ना खातं उघडावं लागतं, ना जाहिरात बघावी लागते. एकदा फ्लॅक चढवलं की तिथला संगणक त्यावरून एमपी-थ्री आपोआप तयार करतो, टोरंटही करतो. ज्याला मूळ बिट हवेत तो ते घेईल, ज्याला बसमध्ये ऐकायचंय तो छोटी फाइल घेईल. आणि ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल हवी असेल तर ती तारखेने शोधली की सापडते. सापडते, कारण कोणीतरी तारीख लिहून ठेवली होती.

नोव्हेंबर २००५ मध्ये यात खडा पडला. ‘ग्रेटफुल डेड’च्या व्यवस्थापनाने आर्काइव्हवरून त्यांच्या मैफली उतरवून घेण्याची सोय बंद करवली. चाहते खवळले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. बँडचाच बास वाजवणारा फिल लेश याने आपल्याला या निर्णयाची कल्पना नव्हती असं जाहीर केलं. काही दिवसांतच तोडगा निघाला. प्रेक्षकांत बसून केलेली ध्वनिमुद्रणं पुन्हा उतरवून घेता येतील; ध्वनियंत्रणेच्या पाटावरून थेट घेतलेली, जास्त स्वच्छ, ती मात्र तिथेच ऐकायची. आजही तीच व्यवस्था आहे. फुकट देणाऱ्याचंही मन बदलू शकतं, हे यातून दिसलं. आणि उतरवून घेतलेली प्रत व नुसतं ऐकणं यांतला फरकही. ज्यांनी आधीच प्रती घेतल्या होत्या त्यांना या वादाने काही फरक पडला नाही.

आता आपल्याकडे या. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा, कुठेही जा, जुन्या रसिकांच्या कपाटात खाजगी मैफलींच्या कॅसेट होत्या आणि आहेत. गणेशोत्सवातलं गाणं, कोणाच्या दिवाणखान्यातली बैठक, म्युझिक सर्कलचा कार्यक्रम. त्यांचंही हातोहात वाटप झालं, त्यांचीही झाडं होती. पण वरच्या चिठ्ठीवर काय? ‘बुवा, मारवा, १९७०?’ इतकंच. अनेकदा तेवढंही नाही. याला आळस हे कारण असेलच, पण सगळं आळसावर ढकलता येणार नाही. गवयाची परवानगी होती की नव्हती हे धूसर असायचं. काही बुवांना टेप दिसली की राग यायचा, मग रेकॉर्डर उशीखाली जायचा. जे लपवून केलं त्याच्यावर जागा, तारीख आणि स्वतःचं नाव कोण लिहिणार? पुढे त्याच कॅसेटी यूट्यूबवर चढल्या तेव्हा तबलजी कोण, संवादिनीवर कोण, यावर प्रतिक्रियांमध्ये लढाया झाल्या आणि अजून होतात. बर्कलीतल्या श्रोत्याला जागा आखून मिळाली होती, म्हणून तो मायक्रोफोनची जातही बिनधास्त लिहू शकला. फरक स्वभावाचा नव्हता, मोकळीकीचा होता.

नोंदीचं महत्त्व आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाला नवीन नाही. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचं यंत्र घेऊन आला आणि गौहर जान गायली. त्या सुरुवातीच्या तबकड्यांत गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव पुकारते. अनेकांना तो नखरा वाटतो. खरं कारण कारखान्याचं होतं. मेणावरची मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोवरला जायची, तिथे तबकड्या निघायच्या, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कोणाचं नाव छापायचं हे कळायला दुसरा उपाय नव्हता. नाव गाण्याच्या आतच शिवलेलं, त्यामुळे लेबल फाटलं तरी गायिका हरवत नाही.

एमपी-थ्रीत हीच सोय १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या गृहस्थाने केली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा. गाण्याचं नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, साल ४, टिपण ३०, आणि एक बाइट संगीतप्रकाराला. त्याला ‘आयडी-थ्री’ म्हणतात. रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट घेतं, म्हणून तीस अक्षरं. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्रा वेगळ्या धरायच्या. म्हणजे नाट्यपदाचं नाव चार-पाच अक्षरांत आटपा. अर्थात त्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी गृहीतच नव्हती. जुन्या प्लेअरवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची ती त्यामुळेच. संगीतप्रकारांची यादी तर मजेशीर आहे. सुरुवातीला ८० प्रकार होते. त्यांत ब्लूज, कंट्री, टेक्नो सगळं होतं. ख्याल नाही, भावगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही. ४८ व्या क्रमांकावर ‘एथ्निक’ होतं. यादीतला प्रकार निवडायचाच म्हटलं तर किशोरी आमोणकर आणि यमुनाबाई वाईकर, दोघींनाही तिथेच बसावं लागायचं.

पुढच्या आवृत्त्यांत ही कोंडी फुटली. १९९८ नंतरच्या आयडी-थ्रीत नावं हवी तेवढी लांब, देवनागरी चालते, संगीतकार आणि गीतकार यांचे वेगळे रकाने आहेत. रागाला रकाना नाही, तो टिपणात लिहावा लागतो. तरीही मराठी गाण्याच्या बहुतेक फाइलींत ‘कलाकार’ या एकाच रकान्यात कधी गायक, कधी संगीतकार, कधी नट. मग ‘बालगंधर्व’ असं शोधावं की ‘बाल गंधर्व’, की ‘नारायणराव राजहंस’? रोमन लिपीत तर एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं सहज होतात. स्वयंपाकघरातल्या पन्नास सारख्या डब्यांवर चिठ्ठ्या नसाव्यात आणि बाहेर सुगरण नावाजलेली असावी, तशी ही गत.

फोनमध्ये अशा अनाथ फाइलींचा ढीग असेल तर एक इलाज करून बघण्यासारखा आहे. ‘म्युझिकब्रेन्झ’ हा सार्वजनिक कोश कोणीही भरू शकतो आणि त्यातली मुख्य माहिती कोणीही घेऊ शकतो. त्याचं ‘पिकार्ड’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर फाइलमधल्या आवाजाचाच ठसा काढतं, कोशाशी ताडतं आणि नाव, कलाकार, अल्बम असं सगळं रकान्यांत भरून देतं. इंग्रजी गाण्यांना हे फार छान जमतं. मराठीला कमी, कारण कोशात मराठी भरणारे हात कमी.

फाइल सापडली, नाव कळलं, तरी ती घ्यायला आपल्याला मुभा आहे का, हा प्रश्न राहतोच. एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतीय कायद्याने पहिले दोन त्या-त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, तिसरा ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून सरकारने ती दहा वर्षांनी वाढवली, आणि साऱ्या देशाचं वेळापत्रक पुढे सरकलं.

‘संगीत स्वयंवर’ घ्या. नाटक १९१६ चं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला. चाली भास्करबुवा बखल्यांच्या; ते १९२२ मध्येच गेले. त्या पदांच्या बालगंधर्वांनी गायलेल्या जुन्या तबकड्यांवरचा हक्कही केव्हाच संपलाय. तिन्ही कुलपं उघडी. ही पदं घ्या, वाटा, वेबसाइटवर ठेवा, भारतात कोणी अडवू शकत नाही. ‘गीत रामायणा’चं मात्र तसं नाही. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. उद्या जुनं ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी ही दोन कुलपं राहणारच. त्यामुळे ‘जुनं आहे, म्हणजे फुकट आहे’ हा सरसकट समज चालत नाही. तपासायला फार काही लागत नाही: तीन माणसं आणि तीन सालं. हीच माहिती तबकडीच्या नोंदीत असली तर ऐकणाऱ्याला कायद्याचं पुस्तक उघडावं लागत नाही, आणि नसली तर वकीलही काही सांगू शकत नाही.

देश बदलला की हिशोब बदलतो. १९५८ मध्ये भारतात निघालेल्या तबकडीचं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात मोकळं आहे. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९५७ ते फेब्रुवारी १९७२ या काळातल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क २०६७ पर्यंत चालतात. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने तीच तबकडी आपल्या वेबसाइटवर ठेवली तर तिकडच्या कायद्याने ती अडचण ठरू शकते. ही भीती पोकळ नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या डिजिटल करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या प्रकल्पावर ऑगस्ट २०२३ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली, अटी गुलदस्त्यात राहिल्या.

ज्यांचे हक्क शाबूत आहेत पण ज्यांना वाटायचंय, त्यांच्यासाठी २००२ च्या डिसेंबरपासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने आहेत. त्यांचा उपयोग एवढाच की परवानगी एका ओळीत वाचता येते: श्रेय द्या; धंदा करू नका; बदल करू नका; बदल केला तर तोही असाच मोकळा ठेवा. यांतल्या हव्या त्या अटी कलावंताने निवडायच्या. संगीतकार बाखला जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, तरी त्याच्या रचनांची चांगली ध्वनिमुद्रणं आजच्या वादकांच्या हक्कात असतात. म्हणून किमिको इशिझाका या पियानोवादिकेने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून त्याचं ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवून कुठलीही अट न ठेवता सोडून दिलं. स्वरलिपीसकट.

फुकट दिलं की विक्री बुडते, अशी भीती असते. पण ‘नाइन इंच नेल्स’ या बँडने मार्च २००८ मध्ये ३६ रचनांचा अल्बम काढला. पहिल्या नऊ फुकट, पूर्ण अल्बम पाच डॉलरला, आणि परवाना असा की विकत घेतलेला अल्बमही पुढे फुकट वाटायला मुभा. पहिल्याच दिवशी गर्दीने त्यांची वेबसाइट कोलमडली. पूर्ण अल्बम कायदेशीररीत्या फुकट मिळत असूनही त्या वर्षी अ‍ॅमेझॉनवर सगळ्यात जास्त विकला गेलेला एमपी-थ्री अल्बम तोच ठरला. आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. एचएमव्हीची वारसदार सारेगामा कंपनी. तिने २०१७ मध्ये कारवाँ नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली, किंमत सहा हजारांच्या घरात. त्यातलं जवळपास प्रत्येक गाणं यूट्यूबवर फुकट होतं. तरी मुलांनी आईवडिलांना घेऊन दिला आणि तो धडाक्यात खपला. पुढे मराठी गाण्यांचाही आला. लोकांनी पैसे मोजले ते गाण्याला नव्हे, तर कोणीतरी ती निवडून, नावानिशी लावून, एका खटक्यावर आणून ठेवली होती त्याला. त्याआधी हेच काम बाजारपेठेतला मोबाइलवाला करायचा. मेमरी कार्ड दिलं की वीस-तीस रुपयांत भजनं, लावण्या, हळदीची गाणी असे फोल्डर करून भरून द्यायचा. बेकायदा होतं, पण गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याला कळत होतं.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि उतरवून घेण्याची गरजच काय, असं विचारलं जाऊ लागलं. पण स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं ‘ऑफलाइन’ गाणं कुलूपबंद असतं. वर्गणी थांबली की ते उघडत नाही, कंपनीचा करार संपला की यादीतूनच गायब. ट्रकच्या पेनड्राइव्हवर ते जात नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवता येत नाही. घाटात रेंज नसते हे वेगळंच.

म्हणून ज्यांना आपलं संगीत मोकळं करायचंय, मग तो कीर्तनकार असो, शाहीर असो की कॉलेजातला बँड, त्यांनी वेबसाइट देखणी करण्याआधी थोडी रुक्ष कामं करावीत असं मला वाटतं. मूळ फाइल फ्लॅकमध्ये जपावी, वाटायला एमपी-थ्री द्यावी. फाइलच्या नावात क्रमांक, गाणं आणि गायक असावेत, ‘न्यू फायनल २’ नसावं. आतल्या रकान्यांत नावं देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही. परवाना शब्दांत, गाण्याच्या शेजारीच. पूर्ण अल्बमची एकच झिप असावी आणि सुटी गाणीही असावीत. मध्येच नेट गेलं तर उरलेला भागच पुन्हा उतरावा, पहिल्यापासून नव्हे. सर्व्हरवर ही सोय बहुधा तयारच असते, कोणीतरी ती बंद करून ठेवलेली नसली म्हणजे झालं. नाव, ईमेल, मोबाइल नंबर विचारणारा फॉर्म मात्र काढून टाकावा. फुकट म्हणून बोलावून उंबऱ्यावर ओळखपत्र मागण्यासारखा उर्मटपणा नाही.

आणि ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांनी डिजिटल करण्याची घाई करण्याआधी लेबलांचे स्वच्छ फोटो काढावेत. क्रमांक, कंपनी, गायक, पदाचं नाव, नाटक किंवा चित्रपट, गीतकार, संगीतकार हे लेबलावर असतं. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले बारीक आकडे वेगळे, तेही टिपावेत, कारण एकाच पदाची दोन वेगळी मुद्रणं त्यांवरूनच ओळखू येतात. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी अशा याद्या करण्यात वर्षं घातली आहेत, त्यांच्या कामावरून कुठल्याही नवख्याला पद्धत शिकता येईल.

१९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या भारतीय तबकड्यांचा ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. १९६६ च्या तबकड्यांची पाळी १ जानेवारी २०२७ ला येईल. शब्दांचे आणि चालींचे हक्क प्रत्येक गाण्यागणिक वेगळे तपासावे लागतील, काहींना अजून पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागेल. पण १९६६ मध्ये निघालेल्या मराठी ईपी आणि एलपींची नावनिशीवार यादी करायला कोणाचीच परवानगी लागत नाही. ती आजही करायला घेता येते.